पहारा आणि संयम

दुसऱ्याच्या नजरेखाली पाळलेले पथ्य शरीराला तितकेच मानवते, असे वैद्य सांगतील. परंतु त्यास संयम हे नाव द्यावे की नाही, हा प्रश्न वैद्याच्या कक्षेबाहेरचा आहे. आणि मधुमेहाच्या नव्या यंत्रांनी तो आपल्यापुढे आणून उभा केला आहे. रोग तर घरोघर आहेच. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत भारतातील मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लक्ष अंदाजिली गेली.

मागच्या पिढीतील मधुमेही घरी बेनेडिक्टचे द्रावण बाळगीत. परीक्षानळीत ते निळे द्रावण घ्यावयाचे, त्यात लघवीचे आठ थेंब टाकावयाचे, स्पिरिटच्या दिव्यावर उकळावयाचे आणि रंग पाहावयाचा. निळा राहिला तर ठीक. हिरवा, पिवळा, नारिंगी आणि अखेर विटकरी असा तो पालटत जाईल तसतशी साखर अधिक. ही परीक्षा ओबडधोबड होती. वार्ता देई ती काही तासांपूर्वीची, आणि साखर धोकादायक रीतीने उतरली तर तिला त्याचा पत्ताही नसे. पण नळी रुग्णाच्या हाती होती. विटकरी रंग पाहून लज्जित व्हावयाचे की नळी मुकाट्याने धुऊन ठेवावयाची, हे त्याचे त्याने ठरवावे!

आताचे साधन म्हणजे एक लहानशी चकती. ती दंडावर चिकटवितात; केसासारखा तंतू त्वचेखाली जातो आणि तेथील पेशींमधल्या द्रवातील ग्लुकोज मोजतो. रक्तातला बदल त्या द्रवात उतरावयास काही मिनिटे लागतात, एवढी उणीव सोडली तर रात्रंदिवस आकडा फोनवर उमटत राहतो. चकती दोन आठवड्यांच्या आसपास टिकते आणि तिला काही हजार रुपये पडतात. म्हणून पुष्कळांना बोट टोचून पट्टीला रक्ताचा थेंब देण्यावाचून गत्यंतर नाही. ते असो. प्रस्तुत विषयाला महत्त्वाची गोष्ट ही, की हा आकडा वाटेल तितक्या अंतरावरील दुसऱ्याच्या फोनवरही जाऊ शकतो.

देवळाली कॅम्पातील एखादे निवृत्त सुभेदार कल्पनेपुढे आणावेत. हे गाव अशा विचाराला सोयीचे आहे: एका अंगाला तोफखान्याचे विद्यालय आणि छावणीची शिस्त, दुसऱ्या अंगाला कोरड्या हवेसाठी बांधलेली जुनी सॅनेटोरियमे, शरीराला नियमाखाली आणणे हाच उभयतांचा व्यवसाय. सुभेदारांची पत्नी निवर्तली आहे, मुलगा पुण्यास नोकरीला. ते दोन वेळा इन्सुलिन घेतात. मुलाने हौसेने चकती आणून दिली आणि आकडे आपल्याही फोनवर यावेत अशी तजवीज केली. फाल्गुनात ओळखीच्या बागायतदाराकडून द्राक्षांची पेटी आली. सुभेदारांनी पाचपंचवीस मणी खाल्ले, तो अर्ध्या-पाऊण तासात पुण्याहून फोन: "बाबा, आत्ता काय खाल्लंत?" सुभेदार म्हणाले, "काही नाही." ज्या गृहस्थाने सबंध नोकरीत खोटा अहवाल दिला नाही, त्याने पोटच्या मुलाशी द्राक्षांवरून खोटे बोलावे! पुढे दोन दिवसांनी चकती स्नानाच्या वेळी "आपोआप" निघून पडली.

मुलाला दोष देण्याची मला घाई नाही. इन्सुलिन घेणाऱ्याची साखर झोपेत ७० च्या खाली, प्रसंगी त्याहूनही पुष्कळ उतरू शकते. घाम, थरथर, मग भ्रम आणि बेशुद्धी. चमचाभर साखर तोंडात टाकण्याइतका विचारही तेव्हा माणसाजवळ उरत नाही. एकट्या राहणाऱ्यासाठी पुण्यात वाजलेली घंटा आणि देवळालीतील शेजाऱ्याला केलेला फोन यांत जीवनमरणाचे अंतर असू शकते. म्हणून साखर उतरल्याची वार्ता आणि चढल्याची वार्ता यांत मी नैतिक भेद मानतो. पहिल्या प्रसंगी निर्णयशक्तीच हरपलेली असते. तेथे दुसऱ्याने जागता पहारा करणे हे स्वातंत्र्यावर आक्रमण नव्हे. दुसऱ्या प्रसंगी माणूस शुद्धीवर असतो, द्राक्षे गोड असतात आणि निवड त्याची असते.

यावर कोणी म्हणेल, की डोळे, मूत्रपिंडे, पायाची जखम यांचा भार शेवटी मुलावरच पडावयाचा. आक्षेप खरा आहे. अमेरिका व कॅनडा येथील तरुण मधुमेहींवर झालेल्या आणि १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगाने दाखविले, की साखर काटेकोरपणे ताब्यात ठेवल्यास ही हानी फार कमी होते. मात्र त्याच प्रयोगात काटेकोर उपचार घेणाऱ्यांची साखर धोकादायक रीतीने उतरण्याचे प्रसंग सुमारे तिप्पट झाले. शिवाय हानी होते ती वर्षानुवर्षांच्या बेबंदपणाने, एका पेटीने नव्हे. गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी रक्ततपासणी उपलब्ध आहे. बापलेकांनी डॉक्टरांसमोर बसून तो आकडा पाहावा. तेथे बोलावयाचा मुलाला पुरा हक्क आहे. दुपारी साडेतीनच्या आकड्यावर नाही.

व्यवहारात हे अवघड नसावे. आकडे दुसऱ्यास दाखविण्याची परवानगी रुग्णाच्या फोनवरून दिली जाते आणि तेथूनच ती मागेही घेता येते. अडचण वेगळीच आहे. पुष्कळ घरांत वडिलांच्या फोनवर मुलगाच बोट फिरवून ही परवानगी देतो, आणि ती कोठून काढून घ्यावयाची हे सांगावयाचे मात्र राहून जाते. सांगितले तर बाबा ती तत्काळ काढून घेतील, अशी भीती त्याला वाटत असावी. माझा अंदाज उलट आहे. सुभेदार ती रात्रीपुरती खचित ठेवतील, आणि पुढच्या पेटीतली किती द्राक्षे खाल्ली हे बहुधा आपण होऊन सांगतील.