घाम गाळणे आणि खेळणे

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात आमच्या शब्बाथशाळेची सहल बेळगावाबाहेर एका मळ्यात गेली होती. व्यवस्था आमच्याकडेच होती. आम्ही मोठ्या हौसेने कार्यक्रम आखला: आधी प्रार्थना व शास्त्रपाठ, मग खेळ, मग जेवण. मुलांचे क्रिकेटचे दोन संघ पाडले. मुलींसाठी लिंबू-चमचा आणि संगीत खुर्ची ठेवली. अर्ध्या तासात मुलींचे खेळ आटोपले आणि त्या कोणी न सांगता चुलीकडे वळल्या. एकीने कांदे चिरायला घेतले, दुसरी तांदूळ निवडू लागली, दोघी विहिरीवरून पाणी आणू लागल्या. मुलांचे क्रिकेट मात्र पानावर बसण्याची हाक येईपर्यंत चालले.

पंगत उठल्यावर आठवीतली एक मुलगी पातेली घासत होती. आम्ही कौतुकाने म्हणालो, "शाबास! आज अगदी दमली असशील."

ती म्हणाली, "दमले ना काका. पण आम्ही खेळायचं कधी?"

तिच्या स्वरात तक्रार नव्हती. तिने साधी चौकशी केली होती. परंतु आम्हाला उत्तर देता आले नाही, आणि तो प्रश्न आम्ही घरी घेऊन आलो. आज तोच वाचक बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत. मुलांनी खेळावे असे आपण सगळेच म्हणतो. पण ते कशासाठी? आणि ते कारण आपल्या मुलींना लागू पडते की नाही?

बहुतेक जण उत्तर देतील, "प्रकृतीसाठी." ते खोटे नाही. पाच ते सतरा वर्षांच्या मुलामुलींनी दररोज सरासरी 60 मिनिटे तरी चांगली दमछाक होईल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. या संघटनेच्या संशोधकांनी 2019 साली एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यात 146 देशांतील अकरा ते सतरा वर्षांच्या शाळकरी मुलांची माहिती एकत्र केली होती. 2016 सालच्या हिशेबाने जगातील शंभरांपैकी 81 मुले इतकी हालचाल करीत नव्हती असे आढळले. मुलींत हे प्रमाण 85, तर मुलांत 78 होते.

त्याच पाहणीत आपल्या देशाविषयी एक गोष्ट आहे. भारत आणि बांगलादेश येथे अपुरी हालचाल करणाऱ्यांचे प्रमाण इतर पुष्कळ देशांपेक्षा कमी निघाले. असे का असावे? संशोधकांचा तर्क असा की, मुलांच्या बाबतीत क्रिकेटसारख्या खेळांची आवड हे कारण असावे, आणि मुलींच्या बाबतीत घरकाम! म्हणजे मुलगा धावतो तो चेंडूमागे, मुलगी धावते ती कामामागे, आणि हिशेबाच्या वहीत दोघांची नोंद एकाच रकान्यात होते.

आता आपण नीट विचार करू. खेळ केवळ प्रकृतीसाठी असेल तर पातेली घासणाऱ्या त्या मुलीला खेळाची काही गरज नाही. तिचे हात चालतात, कंबर वाकते, घाम निथळतो. मग असे का करू नये? शाळेतली मैदाने बंद करावी, मुलग्यांच्याही हाती घागरी द्याव्या आणि दोन खेपा पाणी आणवून त्यांची प्रकृती सुधारावी. हा सल्ला कोणताही बाप मानणार नाही. मुलग्याच्या बाबतीत आपल्याला पक्के ठाऊक असते की खेळात घामापेक्षा अधिक काही आहे. मुलीच्या बाबतीत तेवढ्यापुरते आपण ते विसरतो.

ते अधिक काय? काम दुसऱ्याच्या गरजेने ठरते. चूल पेटली की भात टाकायचाच. तेथे "आज नको" म्हणता येत नाही. खेळात मूल स्वतःच्या इच्छेने उतरते आणि स्वतःच नियमाने बांधून घेते. डाव हरला तर कोणाचे जेवण अडत नाही. म्हणून हरण्याचे भय न बाळगता ते हरायला शिकते. "मी बाद नाही" म्हणून भांडते, मग पंचाचे ऐकते, आणि पाच मिनिटांनी त्याच सवंगड्याच्या गळ्यात हात टाकते. कामात चूक झाली तर बोलणी बसतात. खेळात चूक झाली तर पुन्हा डाव येतो. चूक करण्याची अशी निर्धास्त जागा बालपणी मिळाली नाही, तर पुढे ती कोठे मिळणार?

संयुक्त राष्ट्रांनी 1989 साली बालकांच्या हक्कांचा जो करार केला, त्यात आरोग्याचा हक्क एका कलमात आहे, आणि विश्रांती, फुरसत व खेळ यांचा हक्क निराळ्या, एकतिसाव्या कलमात आहे. भारताने हा करार 1992 साली स्वीकारला. खेळ हे औषध नव्हे, ते बालकाच्या मालकीचे काही आहे, हे त्या दोन वेगळ्या कलमांवरून दिसते. आणि आपल्या शास्त्रात पाहू गेले तर जखऱ्या संदेष्ट्याने पुन्हा वसलेल्या यरुशलेमेचे चित्र आठव्या अध्यायात रेखाटले आहे. तेथे म्हातारी माणसे काठी टेकून निवांत बसली आहेत आणि रस्ते खेळणाऱ्या मुलांनी व मुलींनी भरले आहेत. संदेष्टा मुलींना वगळीत नाही, आणि त्या पाणी भरीत आहेत असेही म्हणत नाही.

येथे कोणी म्हणेल, "मग मुलींनी कामच करू नये काय? सेवा हा आपला धर्म नव्हे काय?" हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. ज्या घरात आई दिवसभर बाहेर राबते, तेथे थोरल्या मुलीने चूल पेटवली नाही तर धाकटी भावंडे उपाशी राहतात. त्या मुलीच्या हातांना आमचा नमस्कार. परंतु सेवा चांगली असेल तर ती मुलग्यांसाठीही चांगली आहे. एकाच घरातली बहीण सेवा शिकते आणि भाऊ खेळ शिकतो, यात दोघांचेही अर्धे शिक्षण बुडते. आम्ही हे लिहितो, पण आमच्या स्वतःच्या घरी भाऊ बाहेर लगोऱ्या खेळत असताना बहीण भाकऱ्या थापीत असे, आणि चाळिशी उलटेपर्यंत त्यात काही वावगे आहे हे आमच्या ध्यानात आले नव्हते.

दुसरी अडचण सांगतात ती जागेची व पैशाची. तिच्यासाठी एक जुनी हकिकत उपयोगी पडेल. जेम्स नेस्मिथ हे कॅनडात जन्मलेले गृहस्थ धर्मशास्त्र शिकून वाय. एम. सी. ए.च्या अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथील शाळेत शिक्षक झाले. 1891 सालच्या डिसेंबरात, थंडीमुळे व्यायामशाळेत कोंडलेल्या व कवायतीला कंटाळलेल्या वर्गासाठी त्यांना नवा खेळ शोधायचा होता. त्यांनी पीच फळांच्या दोन टोपल्या सज्ज्याला ठोकल्या, तेरा नियम लिहिले, आणि बास्केटबॉल जन्माला आला. वर्गात अठरा जण होते, म्हणून पहिल्या सामन्यात एका बाजूला नऊ जण खेळले. नेस्मिथांनी खेळ वर्गाच्या मापाने बेतला. आपण पुष्कळदा उलट करतो. अकरा जणांचा खेळ आधी ठरवतो आणि उरलेल्यांना टाळ्या वाजवायला बसवतो. आणि ते उरलेले कोण? मुली, जाडी मुले, चष्म्याची मुले, पाय अधू असलेला एखादा.

लंगडी, खो-खो, डबा ऐसपैस यांना ना बॅट लागते, ना वर्गणी. खो-खोला तर आता मोठा मानही मिळाला आहे. जानेवारी 2025 मध्ये नवी दिल्लीत झालेली पहिली विश्वचषक स्पर्धा भारताच्या पुरुषांनी व महिलांनीही जिंकली, आणि महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे ही महाराष्ट्राची मुलगी होती. अर्थात प्रत्येक मुलीने चषक आणावा म्हणून तिला खेळू द्यायचे नाही. ती मूल आहे, एवढे कारण पुरे.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना आमची विनंती एवढीच. पुढील सहलीचा किंवा नाताळातील स्पर्धांचा कागद हाती घ्याल तेव्हा खेळांच्या नावांशेजारी आणखी एक यादी करा: त्या वेळी स्वयंपाकाकडे कोण असेल? पालकांनीही संध्याकाळी एकदा पाहावे की आपली मुलगी दिवेलागणीपूर्वी कोठे असते. तिला वेळ द्यायचा तर तिच्या हातचे काम दुसऱ्या कोणाला तरी घ्यावे लागेल. फुकट असे काही होणार नाही.

गेल्या वर्षीच्या सहलीत आम्ही पाच पुरुष व क्रिकेटवाले थोरले मुलगे आळीपाळीने चुलीपाशी बसलो. मुलींनी दोन तास खो-खो खेळला; धाकट्या मुलांनाही त्यांनी आत घेतले. भात खाली लागला आणि आमटीत मीठ दोनदा पडले. आठवीतली ती मुलगी आता नववीत होती. गुडघा खरचटलेला, वेणी सुटलेली, अशी ती पानावर येऊन बसली आणि काही न बोलता तिने तो करपलेला भात दोनदा मागून घेतला.