जांब नदीतला पळस

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याच्या जांब नदीत पळसाचं झाड रोवतात आणि त्यावर झेंडा बांधतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव. झाड तोडायला कुऱ्हाड घेऊन पुढे सरसावणाऱ्यावर दगडांचा मारा होतो. शेवटी झेंडा चंडीमातेच्या देवळात जातो. हीच गोटमार.

कथा सगळ्यांना तोंडपाठ: पांढुर्ण्याचा तरुण, सावरगावची मुलगी, दोघं पळून जाताना नदीत गाठली गेली आणि दोन्हीकडच्या दगडांनी मेली. त्यांच्या स्मृतीसाठी हा खेळ, असं सांगतात.

इथेच प्रश्न अडतो. पाप झालं असेल, तर प्रायश्चित्त तेच पाप दरवर्षी करून होतं का? दर मेळ्यात शेकडो जखमी होतात, आजवर अनेकांचे जीवही गेले. प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. लोक पुन्हा दगडांकडेच वळले. जखमेवर देवीचा अंगारा लावून पुन्हा नदीत उतरणाऱ्याला ही हिंसा वाटतच नाही, तो तिला सेवा म्हणतो.

भोवतालचं जग मात्र बदललंय. शेजारच्या सौंसर तालुक्यात, बोरगावला आज कारखान्यांचे भोंगे वाजतात. 2023 मध्ये पांढुर्णा आणि सौंसर हे दोन्ही तालुके मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. नकाशा बदलला, गोटमार तशीच राहिली. मेलेल्या त्या दोघांना मात्र कथेत नावंही नाहीत. ज्यांच्यासाठी रक्त सांडतं, त्यांचं प्रेम गावाने आज तरी मान्य केलं असतं का, हे नदीकाठी कुणी विचारत नाही.