ओसरीवरचा पाहुणा

सज्जनहो, माजघर घरच्यांचे, देवघर देवाचे; ओसरी मात्र येणाऱ्याजाणाऱ्याची. तेथे बायांनी धान्य निवडावे, पोरांनी पाढे म्हणावे, म्हाताऱ्याने माळ ओढावी, आणि पंढरीच्या वाटेवरील दिंडीने घटकाभर पाठ टेकावी.

श्रुतीने अतिथीला देव म्हटले. पुंडलिकाच्या दारी तर देवच अतिथी होऊन आला! आईबापांचे पाय चेपीत असलेल्या भक्ताने वीट फेकली, 'थांब' म्हटले. देव रागावला का? नाही. विटेवर उभा राहिला, तो अजून उभाच आहे.

पुंडलिकाने थांबविले ते सेवेसाठी. आपण माणसे थांबविली ती सोवळ्यासाठी. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, बाहेरच. १९४७ साली साने गुरुजींनी पंढरीत उपोषण केले, तेव्हा मंदिर सर्वांना खुले झाले. पण कित्येक ओसऱ्या त्यानंतरही बंदच राहिल्या. आमचीही. गळ्यात तुळशीची माळ घातलेला वारकरी अंगणात उभा, आणि त्याच्या ओंजळीत वरून पाणी ओतणारा पोर मीच होतो. कीर्तनाला उभा राहिलो की ती ओंजळ आजही डोळ्यांपुढे येते.

हल्ली ओसरीला लोखंडी जाळी लावतात. लावा बापहो, चोराचे भय खरे आहे. पण वारीच्या दिवसांत कडी काढा, घोंगडी अंथरा, आणि जात न विचारता तांब्या हातात द्या. विटेवरचा तो सावळाच आलेला असतो. त्याला अंगणात उभा ठेवू नका.

रामकृष्णहरि!