पुलगाव नावाचा मतदारसंघ

2004 च्या विधानसभा निवडणुकीपर्यंत वर्धा जिल्ह्यात आर्वी, पुलगाव, हिंगणघाट आणि वर्धा असे चार मतदारसंघ होते. 2009 मध्येही चारच होते, पण पुलगावच्या जागी देवळी आले. 2008 च्या मतदारसंघ पुनर्रचनेत हद्दी नव्याने आखल्या गेल्या आणि पुलगावकरांच्या मतदारयादीवर ‘45 – देवळी’ असे छापून येऊ लागले. तालुक्याचे ठिकाण देवळी, हे खरे. पण पुलगाव लोकसंख्येने देवळीहून मोठे आहे. मुंबई-नागपूर लोहमार्गावरचे हे गाव कापडगिरणीने वाढले आणि लष्कराच्या दारूगोळा भांडाराने देशभर माहीत झाले.

मतदारसंघ मरतो तेव्हा नेमके कोणाचे काय जाते?

आयर्लंडमध्ये या प्रश्नाला रोख उत्तर मिळाले होते. 1800 च्या ब्रिटनशी विलीनीकरणाच्या कायद्याने तिथली संसद संपली. तिच्या कनिष्ठ सभागृहात 300 सदस्य होते. लंडनच्या संसदेत आयर्लंडला 100 जागा मिळाल्या. नगरांचे बहुतेक मतदारसंघ रद्द झाले आणि प्रत्येकामागे 15,000 पौंड भरपाई दिली गेली. वेक्सफर्ड परगण्यातले बॅनो हे गाव तर केव्हाच वाळूखाली गडप झाले होते, तरी त्याच्या नावाने दोन सदस्य निवडले जात. त्याचीही भरपाई मिळाली, ती जागा खिशात बाळगणाऱ्या उमरावाला. मतदारांना कोणी विचारलेच नाही, कारण जागा ही मालमत्ता होती आणि मालक वेगळा होता.

आपल्याकडे जागेला मालक नाही, हे लोकशाहीने कमावलेले मोठे धन आहे. पुनर्रचनेमागचे तत्त्वही मला पूर्ण मान्य आहे: एका मताचे वजन दुसऱ्याएवढेच असावे. 2001 च्या जनगणनेनुसार हिशेब झाला, तेव्हा विदर्भाच्या विधानसभेतल्या जागा 66 वरून 62 वर आल्या. हे सोसावे लागते.

पण मतदारसंघ म्हणजे जाब विचारण्याची वहीसुद्धा असते. प्रभाताई राव 1972 मध्ये पुलगावातून विधानसभेवर गेल्या, पुढे अनेक वर्षे त्याच नावाने ओळखल्या गेल्या. शाळा, पूल, पाणी, आर्वीकडे जाणारी नॅरोगेज, गिरणीचे कामगार यांच्याबद्दल कोणी काय कबूल केले, हे ‘पुलगावच्या आमदारां’ना विचारता येत होते. आज निकालांच्या तक्त्यात पुलगाव 2004 ला थांबते आणि देवळी 2009 ला सुरू होते. मधला सांधा कोणी लिहून ठेवत नाही. 31 मे 2016 रोजी दारूगोळा भांडाराला आग लागली, जवान गेले, साऱ्या देशाने पुलगावचे नाव ऐकले. विधानसभेत मात्र त्या नावाची जागा उरली नव्हती.

पुनर्रचना आयोगाच्या आदेशाविरुद्ध न्यायालयाची वाट राज्यघटनेच्या कलम 329 ने जवळपास बंद केली आहे. म्हणून बोलायचे ते आधीच. मसुदा प्रसिद्ध करणे, हरकती मागवणे, जाहीर बैठका घेणे या तरतुदी 2002 च्या पुनर्रचना कायद्यातच होत्या. राजकीय पक्षांचे लोक अशा बैठकांना पोचतात, शेतकरी आणि शिक्षक क्वचितच. 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेली जागांची संख्या पुढे मोकळी होईल. तेव्हा मसुदा ग्रामसभांत आणि नगरपरिषदेत वाचला जावा, रद्द होणाऱ्या प्रत्येक नावापुढे कारण लिहिले जावे, आणि पुलगावचे 2004 पर्यंतचे सगळे निकाल व विधानसभेतले प्रश्न वर्ध्याच्या जिल्हा ग्रंथालयात एकत्र बांधून ठेवले जावेत.