मागणी आणि गरज

अर्थशास्त्रात ‘मागणी’ या शब्दाचा अर्थ मोठा नेमका आहे. नुसत्या इच्छेला तेथे मागणी म्हणत नाहीत. तिच्यामागे पैसा उभा असावा लागतो. या व्याख्येने म्हाताऱ्या माणसाच्या दुखण्याकडे पाहू लागले की मन घोटाळते. कारण दुखणे त्याचे असते आणि पैसा बहुधा दुसऱ्याच्या हाती.

पनवेलजवळचे ओवे घ्या. १९७० साली सिडको स्थापन झाली. नव्या मुंबईसाठी ज्या ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले, त्यांत ओवेही होते. १९८४ च्या जासईच्या आंदोलनात पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व मान्य झाले. भाताच्या खाचरांवर खारघर उभे राहिले आणि २०१६ साली ओवे पनवेल महानगरपालिकेत गेले. ज्या घरी भूखंड आला, भाडे आले, तेथे डॉक्टरही आला. हे वाईट झाले असे कोण म्हणेल? स्वातंत्र्याच्या वेळी भारतीयाचे सरासरी आयुर्मान जेमतेम ३२ वर्षांचे होते. आज ते सत्तरीच्या आसपास आहे. मोतीबिंदूने आंधळे होऊन पडवीत बसणे यात पुण्य नव्हते.

परंतु पैसा ज्याची मागणी करतो तो उपचार. त्याला आरंभ असतो, शेवट असतो, बिल असते. वार्धक्याला लागते ती शुश्रूषा: रात्री उठवून बसवणे, गोळी वेळेवर देणे, तेच गाऱ्हाणे पुन्हा ऐकणे. सरकारही याला अपवाद नाही. २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला आयुष्मान योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळाले, उत्पन्न न पाहता; पण ते इस्पितळातल्या खाटेसाठी. घरातल्या खाटेशेजारी कोण बसणार?

“पूर्वी घरचे बसत,” असे आपण सहज म्हणतो. घरचे म्हणजे कोण? बहुतेक घरांत एकटी सून. जो धर्म एकीनेच पाळायचा, त्याला धर्म म्हणावे की वेठ? तेव्हा जुन्या घराकडे परतणे हे उत्तर नव्हे. भाड्यातला काही भाग शुश्रूषा करणाऱ्याच्या रास्त मजुरीसाठी काढावा, आणि मुलांनीही रात्रीची पाळी वाटून घ्यावी, हे अधिक न्याय्य आहे.

त्यात उपकाराची भाषा तर मुळीच नको. ज्या जमिनीच्या मोबदल्यात भूखंड आला, ती या म्हाताऱ्यांनीच नांगरली, यांच्याच बायकांनी तिच्यात लावणी केली. आपल्याला काय हवे हे सांगण्याचा पहिला अधिकार त्यांचा आहे. शस्त्रक्रियेच्या कागदावर मुलाने सही करण्यापूर्वी त्यांना तेवढे विचारावे.