कर्ता, करविता आणि इंग्रजी वाक्य

नागपूरहून भंडाऱ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, कन्हान नदीच्या काठी वसलेले मौदा हे गाव सरकारी दप्तरात तालुक्याचे ठिकाण म्हणून आणि अलीकडे औष्णिक वीजकेंद्राचे गाव म्हणून नमूद असले, तरी पूर्व विदर्भातील असंख्य कष्टकरी कुटुंबांच्या मनात त्याची जागा निराळ्याच कारणाने आहे. नागपुरात 1921 साली जन्मलेल्या आणि 1996 साली दिवंगत झालेल्या बाबा जुमदेव यांनी एकेश्वरी उपासनेचा, सत्य, मर्यादा आणि प्रेम या त्रयीचा व व्यसनत्यागाचा जो ‘परमात्मा एक’ मार्ग घालून दिला, त्याचा आश्रम येथे आहे. आणि त्या मार्गाचे अनुयायी, ज्यांना सेवक म्हणण्याचा शिरस्ता आहे, आपल्या पूर्वायुष्याची हकीकत सांगू लागले म्हणजे ‘माझी दारू सुटली’ हे वाक्य तिच्यात सहजगत्या येऊन जाते. ‘मी दारू सोडली’ असे सरळ, निर्दोष वाक्य हाताशी असताना बोलणारा ते बाजूस ठेवतो, आणि ज्या कृत्यासाठी त्याने बहुधा आयुष्यातील सर्वांत मोठी झुंज दिलेली असते, त्याच कृत्याच्या कर्तेपदावरून स्वतःस दूर करतो.

आता अशाच एका सेवकाचा नातू शाळेत इंग्रजी शिकतो. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिल्या इयत्तेतच इंग्रजीचा प्रवेश झाल्यामुळे आजोबांच्या पिढीला पाचवीत किंवा त्यानंतर भेटणारी ही भाषा त्याला अक्षरओळखीबरोबरच भेटलेली असते. घरातील हे वाक्य त्याला इंग्रजीत लिहावयाचे झाले, तर त्याची गाठ कोणत्या अडचणीशी पडेल? शब्दांची नड नव्हे. शब्द कोशात मिळतात. अडचण अशी की, जे सुटले ते दारू नव्हे, माणूस नव्हे, त्या दोहोंमधली गाठ होय, आणि ती कोणी सोडली हे सांगितल्यावाचून तिचे सुटणे सांगण्याची सोय मराठीत जशी आहे तशी इंग्रजीत सहजासहजी सापडत नाही. शिक्षक त्याला ‘आय गेव्ह अप ड्रिंकिंग’ असे लिहून देतील. वाक्य बरोबर आहे. पण आजोबांनी ज्या पदाचा राजीनामा दिला होता, त्याच पदावर नातवाने त्यांना पुन्हा रुजू करून घेतले आहे.

परभाषेच्या व्याकरणाचे प्राथमिक पाठ हे बालबोध मानून सोडून देण्याची आपली सवय आहे. वास्तविक तत्त्वज्ञानाचे काही अवघड प्रश्न प्रौढपणी ग्रंथांतून जितके स्पष्ट दिसत नाहीत तितके ते या पाठांतून दिसतात. मराठी मुलगा ‘मी आंबा खाल्ला’ आणि ‘मी पोळी खाल्ली’ असे बोलतो तेव्हा त्याचे क्रियापद खाणाऱ्याकडे ढुंकून पाहत नाही. ते खाल्ल्या गेलेल्या वस्तूच्या लिंगवचनाप्रमाणे वळते. त्याला भूक लागते, राग येतो, ताप चढतो, आणि इंग्रजीसुद्धा ‘येते’ किंवा, मौद्याकडच्या बोलीत, ‘मले इंग्रजी येत नाही’. म्हणजे ज्ञान, विकार आणि व्याधी या त्याच्याकडे चालत येणाऱ्या गोष्टी असून तो त्यांचा यजमान आहे, मालक नव्हे. ‘उजाडले’, ‘सांजावले’, ‘गडगडते’ ही त्याची वाक्ये तर कर्त्यावाचूनच पूर्ण होतात. इंग्रजीला हे खपत नाही. पाऊस पडत असेल तर तेथेही ‘इट’ नावाचा एक इसम हजर करावा लागतो, ज्याला ना रूप ना अर्थ. कचेरीतील जागा रिकामी राहू नये एवढ्यासाठी ज्याच्या नावाने प्रभार सोपवून ठेवावा अशा कारकुनासारखा तो वाक्याच्या तोंडाशी बसलेला असतो. मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरी केलेल्या आणि फ्रेंच परकी सैन्यावरील कादंबऱ्यांमुळे जगभर गाजलेल्या रेन यांनी मार्टिन यांच्यासह हिंदी विद्यार्थ्यांसाठी रचलेले इंग्रजी व्याकरण ज्यांच्या हातून गेले आहे, त्यांना कर्तरी वाक्याचे कर्मणी आणि कर्मणीचे कर्तरी करण्याची ती पानेच्या पाने भरणारी कवायत आठवत असेल. रामाने रावणास मारले काय आणि रावण रामाकडून मारला गेला काय, अर्थ एकच, असे तेथे गृहीत असते. रावणाचे मत कोणी विचारीत नाही.

यावरून असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, आणि आपल्याकडील पुष्कळ वक्त्यांना तो आवरलेला नाही, की इंग्रजी ही अहंकाराची भाषा असून मराठी ही समर्पणाची. इंग्रज ‘मी’ हे अक्षर वाक्याच्या मध्येही मोठे लिहितो, हा पुरावा म्हणून पुढे केला जातो. हा पुरावा ग्राह्य धरण्याजोगा नाही. हस्तलिखितांत एकटे उभे असलेले ते लहानसे अक्षर नजरेतून निसटू नये म्हणून लेखनिकांनी ते वाढविले आणि पुढे छापखान्यांनी तीच रीत कायम केली, हे त्याचे सयुक्तिक कारण आहे. लिपीच्या वळणावरून लोकांच्या अध्यात्माचा पंचनामा करू नये. खुद्द युरोपातही वाक्यातील कर्त्याविषयी संशय घेणारे निघालेच. वीज चमकते असे म्हणताना जर्मन भाषेतही ‘ते चमकते’ अशी रचना होते, तर ‘मी विचार करतो’ याऐवजी तसेच कर्तृहीन विधान का करू नये, असा प्रश्न अठराव्या शतकात लिश्टेनबेर्ख या जर्मन पदार्थवैज्ञानिकाने टाकून ठेवला. आणि पुढे नीत्शेने, विचाराच्या पाठीमागे विचार करणारा कोणी असलाच पाहिजे ही तत्त्वज्ञांची खात्री म्हणजे व्याकरणाच्या सवयीवरील श्रद्धा होय, असा आरोप ठेवला.

आपल्या शास्त्रकारांना हा वाद नवा वाटला नसता. वाक्य ऐकल्यावर जो बोध होतो त्यात प्रधान काय, याविषयी त्यांच्यात शतकानुशतके तंटा चालला. नैयायिकांच्या मते प्रथमान्त पदाचा अर्थ, म्हणजे कर्तरी वाक्यात कर्ता, हा मुख्य आणि बाकीचे सर्व त्याची विशेषणे. वैयाकरणांच्या मते धातूने सांगितलेला व्यापार मुख्य आणि कर्ता त्याला चिकटलेला. मीमांसकांच्या मते प्रत्ययाने सूचित होणारी भावना, फलाकडे नेणारा प्रयत्न, ती मुख्य. एकाच संस्कृत वाक्यातून या तिघांनी तीन प्रकारचे जग बाहेर काढले, याचा अर्थ उघड आहे : भाषा एक असूनही तत्त्वज्ञान एक झाले नाही, तेव्हा भाषा बदलल्याने तत्त्वज्ञान आपोआप बदलेल ही भीती, किंवा आशा, निराधार आहे.

मग सेवकाच्या त्या वाक्याचे काय? ते केवळ बोलण्याची लकब म्हणून सोडून द्यावे काय? मला तसे वाटत नाही. भाषा सिद्धान्त लादीत नसली तरी ती सोयी पुरविते, आणि माणूस कोणती सोय केव्हा वापरतो यात त्याची श्रद्धा प्रकट होते. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातील तिसऱ्या पादात जीवाच्या कर्तृत्वाचा विचार आला आहे. तेथे प्रथम जीव हा कर्ता आहे असे ठरविले जाते, आणि त्याचे कारण मोठे व्यवहारी दिले जाते : अमुक करावे, अमुक करू नये असे सांगणाऱ्या शास्त्राला काही अर्थ राहावयाचा असेल तर ते ऐकून करणारा कोणी असला पाहिजे. त्यानंतर थोड्याच अंतरावर, हे कर्तृत्व मुळात परमात्म्यापासून आलेले आहे, असेही सांगितले जाते. घाईने वाचणाऱ्यास यात विसंगती दिसते. परंतु विधी हा नेहमी भविष्याकडे तोंड करून असतो, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे विसंगती पुष्कळ अंशी मावळते. सेवक मार्गात येतो तेव्हा तो ‘यापुढे माझी दारू सुटेल’ अशी प्रतिज्ञा करीत नाही. ती प्रतिज्ञा हास्यास्पद होईल. ‘मी पिणार नाही’ असेच त्याला म्हणावे लागते, आणि तेथे मराठीचा प्रयोगही निमूटपणे कर्तरी होतो. वर्षे लोटल्यावर मागे वळून पाहताना मात्र तोच माणूस ‘सुटली’ म्हणतो. पुढे पाहताना मी, मागे पाहताना तो. उत्तरदायित्व एका काळाचे आणि कृतज्ञता दुसऱ्या काळाची. मराठीत भूतकाळी सकर्मक क्रियापद कर्त्याचा हात सोडून कर्माकडे वळते आणि भविष्यकाळी कर्त्याला धरून राहते, हा व्याकरणातील योगायोग आहे हे मी जाणतो, तथापि तो मला आवडतो हेही कबूल करतो.

पाणिनीने कर्त्याचे लक्षण स्वातंत्र्य असे केले, आणि लगेच पुढच्या सूत्रात त्या स्वतंत्राला प्रवृत्त करणाऱ्यासही कर्त्याचा दर्जा देऊन शिवाय हेतू अशी संज्ञा दिली. ‘कर्ता करविता’ अशी जी जोडी खेड्यापाड्यांतील निरक्षर माणसाच्याही तोंडी असते, तिच्यातील दुसरे पद हे व्याकरणाच्या दृष्टीने याच प्रयोजकाचे होय. एकाचे स्वातंत्र्य दुसऱ्याच्या प्रेरणेने नष्ट होत नाही, हे मान्य करण्यास पाणिनीला ईश्वरवादाची गरज भासली नाही. गुरू शिष्याकडून पाठ करवितो, एवढे उदाहरण त्याला पुरेसे आहे.

मात्र या सोयीची दुसरी बाजू आहे, आणि तिच्याकडे डोळेझाक करणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या रचनेने माणूस श्रेयाचा त्याग करतो, त्याच रचनेने तो दोषाचाही त्याग करतो. कप फुटतो, अर्ज गहाळ होतो, मुदत टळून जाते, मोजणी राहून जाते. कोणत्याही कचेरीत विचारावे, हे सारे आपोआप घडलेले असते आणि ज्याच्या हातून घडले तो इसम वाक्यात गैरहजर असतो. इंग्रजीलाही ही विद्या अवगत आहे. तिच्या सरकारी खलित्यांत चुका ‘झालेल्या’ असतात, केलेल्या नसतात. तरीपण शाळकरी इंग्रजीचा तो हट्ट, की प्रथम कर्ता सांग, या एका बाबतीत आपल्या मुलांना हितावह आहे असे माझे मत आहे. ‘आय ब्रोक द कप’ हे वाक्य उच्चारताना मौद्याच्या मुलाला जो क्षणभर संकोच होतो, तो केवळ परभाषेचा नव्हे.

कर्ता लपविण्याची किंमत काय पडते याचे उदाहरण आपल्याच व्याकरणाच्या इतिहासात आहे. ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ 1836 साली प्रसिद्ध करणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर हे इंग्रजी विद्येत वाढलेले, आणि मराठीला व्याकरणाची शिस्त लावणाऱ्यांत अग्रगण्य. याच गृहस्थाने 1844 साली सुरतेस दुर्गाराम मेहता प्रभृतींबरोबर मानवधर्म सभा स्थापन केली. जुमदेवांच्या अनुयायांचा पंथही मानवधर्म याच नावाने चालतो, हे नामसाम्य चमत्कारिक खरे, पण त्यातून काही नाते सिद्ध करू जाणे व्यर्थ होय. पुढे 1849 साली मुंबईत दादोबांच्या प्रेरणेने परमहंस सभा निघाली. ईश्वर एक, जातिभेद खोटा, ही तिची तत्त्वे धीराची होती. परंतु सभा गुप्त होती. सभासद एकत्र जमत, प्रार्थना करीत, परजातीयाने केलेला पाव खात, आणि बाहेर पडल्यावर हे सारे कोणी केले याचे उत्तर कोणापाशीही नसे. 1860 च्या सुमारास सभासदांच्या नावांची वही चोरीस गेली, नावे उघड होण्याची वेळ आली, आणि सभा मोडली. इतक्या वर्षांच्या क्रियेला कर्ता चिकटताच वाक्य कोसळले. दादोबांचे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांनी 1867 साली प्रार्थना समाज काढला तो उघडपणे. त्यातील माणसे मवाळ असतील, पण निनावी नव्हती.

अजून एका माणसाचा विचार करावयाचा राहिला : ज्याची दारू सुटलेली नाही त्याचा. त्याच्यापुढे ‘मी सोडली’ ठेवले तर तो खोटे बोलेल, किंवा चार दिवस खरे बोलून पाचव्या दिवशी तोंड लपवील. ‘सुटत नाही’ म्हणू दिले तर दोष बाटलीवर जाईल. मराठीत या दोहोंच्या मधोमध तिसरे एक वाक्य आहे. मोरो केशव दामले यांच्या 1911 सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’च्या परंपरेत ज्यांना शक्य क्रियापदे म्हणतात, त्या जातीचे ते आहे : ‘मला सोडवत नाही.’ येथे मनुष्य नाहीसा झालेला नाही. तो वाक्याच्या आरंभीच उभा आहे, पण चतुर्थीत, याचकाच्या विभक्तीत, आणि जे त्याच्याने होत नाही त्याचीच तो नोंद करीत आहे. इंग्रजीत याला ‘आय कॅनॉट’ म्हणून भागवावे लागते, आणि मुलांना तेवढेच शिकवितात.

तथापि अमेरिकेत ओहायो संस्थानातील अॅक्रन गावी 1935 साली दोन मद्यासक्त गृहस्थांनी, ज्यांतील एक शस्त्रवैद्य होता, परस्परांस सावरण्यासाठी जी मंडळी सुरू केली आणि जी आज अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या नावाने देशोदेशी पसरली आहे, तिच्या बारा पायऱ्यांपैकी पहिली पायरी कोणती आहे? दारूपुढे आपले काही चालत नाही, ही कबुली. कर्त्यावाचून वाक्य पूर्ण न होणाऱ्या भाषेतच ती लिहिली गेली, आणि त्या भाषेने कर्तेपदाची जागाही रीतीप्रमाणे भरली. फरक एवढाच की तेथे त्यांनी ‘मी’ हा शब्द न बसविता ‘आम्ही’ बसविला.