बाटलीवरचं नाव

रूममेटने सेलमधून एक स्वस्तातली रेड वाइन आणली. शिराझ. नाव 'बॅक इन ब्लॅक'. एसी/डीसी या ऑस्ट्रेलियन रॉक बँडच्या नावाने तिथल्याच वॉरबर्न इस्टेटने २०११ मध्ये ज्या वाइन बाजारात आणल्या, त्यातली ही एक. आम्ही मेलबर्नमध्ये राहतो. इथे या बँडच्या नावाची अख्खी गल्ली आहे, त्यामुळे बाटली कधी ना कधी घरी येणारच होती. अल्बम लावला, स्टीलच्या पेल्यांत ओतली (वाइन ग्लास घेऊ घेऊ म्हणत दोन वर्षं गेली), आणि पहिल्याच घोटाला मी म्हणालो, "दमदार आहे रे!"

जांभळाची आठवण, थोडी मिरी, जीभ कोरडी करणारा तुरटपणा. एवढं नक्की होतं. 'दमदार' मात्र बहुतेक गिटारमधून आलं. एड्रियन नॉर्थ या मानसशास्त्रज्ञाचा २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग आहे: तीच वाइन वेगवेगळं संगीत लावून लोकांना दिली, तर भारदस्त संगीत ऐकणाऱ्यांना ती जास्त भारदस्त लागली. याला फसवणूक म्हणावं असं मला वाटत नाही. आजीच्या हातचं वरण आजीच्याच स्वयंपाकघरात जास्त चांगलं लागतं, त्याची कोण तक्रार करतं?

माझी अडचण अर्ध्या बाटलीनंतर सुरू झाली. सवयीने फोनवर अल्बमची माहिती वाचायला लागलो. फेब्रुवारी १९८० मध्ये बँडचा गायक बॉन स्कॉट लंडनमध्ये गेला. वय ३३. कारण अति मद्यपान. त्याच वर्षी हा अल्बम आला आणि त्याचं काळं कव्हर त्याच्या शोकाचं. म्हणजे दारूने गेलेल्या माणसाचं सुतक आम्ही शिराझ म्हणून पीत होतो.

आमचा धाकटा काकाही दारूनेच गेला. लिव्हर. मी सातवीत होतो. उद्या कुणी त्याचा फोटो देशीच्या बाटलीवर छापला तर मी काय करेन, हे मला नीट माहीत आहे. मग इथे मला चव कशी लागली? मेलेला माणूस आपला नसला की शोकाचं नुसतं डिझाइन उरतं, असं काहीतरी मी रूममेटला म्हणालो. तो म्हणाला, "पण नाव द्यायला त्याचेच मित्र तयार झाले ना?"

खरं आहे. त्या अल्बमवर 'हॅव अ ड्रिंक ऑन मी' नावाचं गाणंही आहे. मित्र जाऊन काही महिनेच झाले असताना. त्यात मला निर्लज्जपणा दिसत नाही. दुःख कसं करायचं ते जवळच्यांनी ठरवावं. पण शोक करण्याचा हक्क आणि त्या शोकाचं लायसन्स देण्याचा हक्क एकच कसा? गाणं एखाद्या मित्रासाठी असू शकतं. बाटली अनोळखी गिऱ्हाइकासाठीच असते.

इथवर माझं मत पक्कं होतं. मग काकाचा दहावा आठवला. घाटावर पिंडाला कावळा शिवेना. ऊन वाढलं, सगळे एकमेकांकडे बघायला लागले. बाबांनी आयुष्यात थेंब घेतलेला नाही. याच कारणावरून काकाशी त्यांचं चार वर्षं बोलणं बंद होतं. त्यांनीच एकाला पाठवून क्वार्टर मागवली आणि पिंडापाशी ठेवली. भटजी काही बोलले नाहीत. त्या क्वार्टरवरही कुठल्यातरी कंपनीचं नाव असणारच. मला ते आठवत नाही.

उरलेली वाइन सिंकमध्ये ओतायची का, यावर आम्ही थोडं बोललो. मग प्यायलो. तोवर अल्बम संपला होता, दुसरं काही कुणी लावलं नाही. वाइन नुसती तुरट लागत होती.